पाटे, किंगपिन आणि चौदा इंची चाकं

आपल्याकडे आता एमजी म्हटलं की लोकांना हेक्टर आठवते. मला आठवते ती दोन दारांची, कापडी छताची, जमिनीला लागून बसलेली एमजीबी. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात 1962 ते 1980 या काळात ही गाडी तयार होत होती. जीटी हे तिचं बंद छताचं रूप धरून पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या. कारखाना बंद होऊन चाळीस वर्षं उलटून गेली, पण गाड्या रस्त्यावर आहेत. मी मिडलंड्समधल्या ज्या वर्कशॉपमध्ये काम करतो, तिथे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच येतात आणि त्यात एमजीबीचा भरणा सगळ्यात मोठा. माझ्याकडे गाडीच्या खालचं काम असतं: सस्पेन्शन, स्टिअरिंग, चाकं.

मी शिकलो ते कऱ्हाडला, आप्पांच्या गॅरेजमध्ये. हायवेवरचे ट्रक पाटे बदलायला यायचे आणि गावातल्या ॲम्बॅसेडर बाकी सगळ्या कामांना. इथे पहिल्यांदा एमजीबीचं बॉनेट उघडलं तेव्हा इंजिन ओळखीचं वाटलं, आणि ते खरंच ओळखीचं होतं. ॲम्बॅसेडरचं 1489 सीसीचं इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजमधलं. एमजीबीचं 1798 सीसीचं इंजिनही त्याच सिरीजचं. खाली वाकून पाहिलं तर मागे पाटे आणि पुढे किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती उभी पिन. हत्यारं कुठे लावायची हे मला शिकावं लागलं नाही. शिकावं लागलं ते वेगळंच. ट्रकचा पाटा वजन पेलण्यासाठी असतो. या गाडीत वजन जेमतेम नऊशे-साडेनऊशे किलो, माणसं दोन. इथे पाट्याचं काम चाक रस्त्याला चिकटवून ठेवायचं आणि रस्ता कसा आहे हे चालवणाऱ्याच्या हाताला कळू द्यायचं.

मध्यंतरी 1972 ची एक रोडस्टर, म्हणजे कापडी छताची एमजीबी, आली, तिच्याबद्दल सांगतो. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. तरुणपणापासून गाडी त्यांच्याकडेच. सोबत मुलगा, हातात कामांची यादी: गाडी इंचभर खाली आणायची, कडक स्प्रिंगा घालायच्या, सगळे बुश पॉलियुरेथेनचे करायचे, जुने शॉकअप काढून टेलिस्कोपिक लावायचे. चाकं त्याने आधीच बदलली होती. पंधरा इंची अलॉय आणि त्यावर 195/50 चे टायर. तक्रार अशी की पन्नास मैलांच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, अरुंद रस्त्यावर गाडी सरळ धरावी लागते आणि खड्ड्यात आपटते. मुलाचं बोलून झाल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, ‘‘पूर्वी ही अशी नव्हती. एका हाताने वळायची.’’

अशा वाक्याला मी फार किंमत देतो. यादी ही कुठेतरी वाचलेली, ऐकलेली असते. ज्याने गाडी वर्षानुवर्षं चालवली आहे त्याला मात्र ती मूळ कशी होती हे माहीत असतं, आणि माझ्या मते जुन्या गाडीचं सस्पेन्शन नवं करताना पहिलं काम तिथवर परत जाण्याचं आहे. त्याच्या पुढे जायचं की नाही, हा प्रश्न नंतरचा.

गाडी जॅकवर घेतली. पुढचं चाक वर आणि खाली धरून हलवलं तर खटखट. मुलाला आत बसवून ब्रेक दाबायला सांगितला. खटखट तशीच. ब्रेक दाबल्यावर प्ले थांबला असता तर दोष व्हील बेअरिंगचा. थांबला नाही, म्हणजे किंगपिन गेलेला. खालच्या विशबोनचे, म्हणजे चाकाला धरणाऱ्या दुपाखी हाताचे, रबरी बुश चेपून एका बाजूला सरकले होते, त्यामुळे पिन बुशच्या मध्यावर राहिलीच नव्हती. पुढच्या एका शॉकअपमधून तेल झिरपत होतं. मागचे पाटे बसलेले, आणि उजवा डाव्यापेक्षा जास्त. इंग्लंडात चालवणारा उजवीकडे बसतो, आणि बहुतेक वेळ ही गाडी एकट्याने चालवली जाते, त्यामुळे हे नेहमीचं. मागच्या चाकाच्या कमानीची आतली कड टायरने घासून चकचकीत केली होती. हा रुंद टायरचा पराक्रम.

मुलाला गाडीखाली बोलावलं आणि प्रत्येक गोष्ट त्याच्या हाताने हलवून दाखवली. यावर कडक स्प्रिंग घातली असती तर काय झालं असतं? झिजलेल्या प्रत्येक सांध्यावरचा मार वाढला असता. गाडी आणखी आपटली असती, आणि त्याला वाटलं असतं की अजून काहीतरी बदलायला हवं. अशी एकावर एक भर पडलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पैसा भरपूर गेलेला असतो आणि मूळ किंगपिन तसाच डगडगत असतो.

एमजीबीच्या पुढच्या सस्पेन्शनची मांडणी मला मनापासून आवडते. खाली विशबोन, मध्ये कॉइल स्प्रिंग, आणि वरचा विशबोन म्हणजे शॉकअपचेच हात. हा शॉकअप नळीसारखा नसतो. आर्मस्ट्राँग कंपनीचा ओतीव धातूचा ठोकळा चार बोल्टांनी क्रॉसमेंबरवर बसतो, आत तेल आणि पिस्टन असतात, बाहेर निघालेले हात चाकाबरोबर वरखाली होतात. एकच वस्तू चाकाला वरून धरतेही आणि त्याची उसळी जिरवतेही. लोक याला मागासलेलं समजतात. पण पाटे आणि हे असले शॉकअप याच मांडणीच्या एमजीबीने 1963 मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपला गट जिंकला आणि 1966 मध्ये न्यूरबर्गरिंगवरची चौऱ्याऐंशी तासांची ‘मॅरेथॉन द ला रूट’ सरळ पहिली येऊन जिंकली. शॉकअप चांगल्या स्थितीत असला तर अपुरा पडत नाही. बिघडतं ते तेल कमी झाल्यावर, हाताच्या शाफ्टचं सील गेल्यावर, आत हवा शिरल्यावर. गाडीवरून काढून व्हाइसमध्ये धरायचा आणि हात पूर्ण वरून पूर्ण खाली न्यायचा. सगळ्या पल्ल्यात विरोध सारखा लागला पाहिजे. मध्येच हात मोकळा सुटला तर तेल भरून हवा काढून पाहायची, तरीही सुटत असेल तर तो रीबिल्डला पाठवायचा. या गाडीचे दोन्ही पुढचे आम्ही पाठवले. टेलिस्कोपिकचा मुद्दा तिथेच संपला, कारण पुढे टेलिस्कोपिक लावायचा तर वरच्या हाताची जागा भरायला वेगळी जोडणी घालावी लागते, आणि बाईंच्या वापराला तिची गरज नव्हती.

किंगपिनचं काम वेळखाऊ आहे आणि ते घाईने करणाऱ्याकडे गाडी देऊ नये. आधी स्प्रिंग सोडवायची. दाबलेली कॉइल स्प्रिंग माणसाला जायबंदी करू शकते, म्हणून स्प्रिंगच्या थाळीखाली जॅक लावून, ती हळूहळू उतरवत मोकळी करायची. आमच्याकडे नवशिक्याला हे काम एकट्याला करू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मग खालचा बोल्ट. तिथे बोल्टवर एक नळी असते आणि तिच्यावर किंगपिनचं खालचं टोक फिरतं. वर्षानुवर्षं ग्रीस मिळालं नाही की नळी बोल्टला घट्ट धरते आणि दोन्ही एकजीव होतात. या गाडीत तेच झालं होतं, बोल्ट करवतीने कापूनच काढावा लागला. स्टब ॲक्सलमध्ये वर-खाली नवे बुश प्रेसने बसवले आणि रीमर चालवला. दोन्ही बुश एका रेषेत कापले गेले पाहिजेत. वेगवेगळे कापले तर पिन आत जाते, पण स्टिअरिंग जड लागतं आणि वळण घेतल्यावर आपोआप सरळ येत नाही. वरती उभा प्ले शिमने, म्हणजे पातळ चकतीने, जुळवायचा: हाताने सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. व्हील बेअरिंगमध्येही नळी आणि शिम असतात. बरेच जण त्या फेकून देतात आणि नट अंदाजाने आवळतात. मी त्या मोजून बसवतो, कारण त्या नळीमुळे शाफ्टला बळकटी येते.

एका बाजूला ग्रीसचे तीन निपल. दर तीन हजार मैलांना ग्रीस द्या, असं कंपनीने लिहून ठेवलं होतं. वर्षाला हजार मैल फिरणाऱ्या गाडीचा मालक हिशेब करतो, तीन वर्षांनी देऊ. तसं करू नये. गाडी उभी राहिली तरी आत पाणी जातं, ग्रीस सुकतं. वर्षातून दोनदा गन लावायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. ब्रिटनमध्ये 2018 पासून चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना, त्यांच्यात मोठे बदल केलेले नसतील तर, दरवर्षीच्या एमओटी तपासणीतून सूट आहे. म्हणजे कित्येक गाड्यांच्या खाली वर्षानुवर्षं कुणी डोकावतच नाही. सूट असली तरी गाडी दरवर्षी तपासून घ्या, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. किंगपिन मोडला तर चाक कुठे जाईल याचा नेम नसतो.

बुशांबाबत मुलाशी बराच वेळ बोलणं झालं. पॉलियुरेथेन टिकतं, रंगीत दिसतं, विकायला सोपं. पण ते रबरासारखं पिळलं जात नाही, घसरतं. म्हणून रस्त्याचा बारीक कंप थेट बॉडीत येतो. आणि हल्ली बाजारात साधे रबरी बुशही इतके निकृष्ट मिळतात की दोन हिवाळ्यांत भेगा पडतात, म्हणून लोक पॉलीकडे वळतात. आम्ही मधला मार्ग घेतला: 1973 ते 1976 मध्ये आलेल्या एमजीबी जीटी व्ही-8 मध्ये खालच्या विशबोनला जे बुश होते ते. रबर बाहेरच्या धातूच्या नळीला जोडलेलं असतं, त्यामुळे ते चेपून बाजूला सरकत नाही, आणि लवचीकपणा रबराचाच राहतो. इथे एक नियम काटेकोर पाळायचा. गाडी जॅकवर लटकत असताना या बुशांचे बोल्ट पक्के आवळायचे नाहीत. सैल ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, थोडी पुढेमागे ढकलून बसू द्यायची आणि मग आवळायचे. लटकत्या स्थितीत आवळलं तर रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी उंच दिसते आणि बुश लवकर फाटतात. ‘नवीन बुश सहा महिन्यांत गेले’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

मागचे पाटे उतरवले त्या रात्री आप्पांना फोन केला. त्यांना आता गॅरेज झेपत नाही, पण पाट्यांचं नाव काढलं की आवाज खुलतो. फोटो पाठवले होते. म्हणाले, ‘‘हे पाटे? हे तर टांग्याचे वाटतात रे.’’ मग लगेच कामाचं बोलले. ‘‘नव्या पाट्याची कमान बघून फसू नकोस. चारशे-पाचशे किलोमीटर फिरू दे, बसू दे, मग उंची माप. यू-बोल्ट परत आवळ. आणि सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात नीट बसलंय का, हाताने चाचपून बघ, डोळ्यांवर जाऊ नकोस.’’ मी म्हटलं, ‘‘आप्पा, तुम्ही शिकवलंत तसंच करतोय.’’ इथल्या मॅन्युअलमध्येही याहून वेगळं काही नाही. पाट्यांची जोडी नवीन घातली, मूळ मापाची. शॅकलचे बुश, रबरी पॅड आणि ॲक्सल फार खाली लटकू न देणारे कापडी पट्टेही बदलले. पाटे एकमेकांवर घासतात तेव्हा त्या घर्षणानेही उसळी थोडी जिरते, पण गंजून चिकटलेला पाटा कडक लागतो आणि तो कडकपणा कामाचा नसतो.

उंचीचं महत्त्व पटवायला मी मुलाला याच गाडीचा इतिहास सांगितला. 1974 च्या अखेरीस अमेरिकेतल्या नियमांसाठी एमजीबीला काळे रबरी बंपर आले आणि गाडी दीड इंचाने उचलली गेली. त्याच वेळी रोडस्टरचा वळणावरचं झुकणं रोखणारा पुढचा अँटी-रोल बारही काढून टाकला. जी गाडी वळणावर भरवशाची म्हणून नावाजली होती ती झुकायला लागली. पुढे 1977 च्या मॉडेलला पुढे-मागे दोन्हीकडे बार घालून कंपनीने ते सावरलं. दीड इंच वर गेल्याने एवढं बिघडू शकतं, तर एक इंच खाली आणल्यानेही भूमिती बदलतेच. विशबोनचे कोन बदलतात, बंप स्टॉप जवळ येतो, गाडी खड्ड्यात लवकर तळाला लागते. शर्यतीच्या गाडीला ते चालतं, तिथे रस्ता सपाट असतो. या बाईंच्या घरापर्यंतचा रस्ता तसा नव्हता.

आता चाकं. लोकांचा जीव सगळ्यात जास्त अडकतो तो इथे, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. चाक हे गाडीचं रूप आहे. एमजीबीला तीन चेहरे शोभतात. एक तारांचं चाक, साठ स्पोकचं, मध्ये एकाच नटाने बसणारं. ही कल्पना कोव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ या सायकली बनवणाऱ्या कंपनीची, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. दुसरं मिनिलाइट, आठ जाड आऱ्यांचं, मूळ मॅग्नेशियमचं, रॅलीच्या मैदानातून आलेलं. तिसरं रोस्टाइल, दाबलेल्या पोलादाचं, रुपेरी आणि काळं. रुबेरी ओवेन कंपनीच्या नावावरून त्यातलं ‘रो’ आलं. 1972 ची ही गाडी रोस्टाइलवर आली होती आणि ती चारही चाकं बाईंच्या गॅरेजमध्ये भिंतीला टेकून होती.

मुलाला तारांची हवी होती. तारांचं चाक सुंदर आहेच, पण ते देखभाल मागतं. हब आणि चाक दोन्हींच्या दात्यांवर सगळा ब्रेक आणि सगळी ओढ येते. ते ग्रीसशिवाय चालले की झिजून करवतीसारखे टोकदार होतात. चाक उचलून, ब्रेक दाबून हलवलं आणि टक असा आवाज आला तर समजायचं. तेव्हा नुसतं हब बदलून भागत नाही, झिजलेलं चाक नव्या हबचे दाते खातं. आत ट्यूब लागते, स्पोक सैल होतात. हलकेच ठोकून त्यांचा सूर एकसारखा आहे का हे ऐकावं लागतं. वजनालाही ते हलकं नाही. आणि या गाडीची खरी अडचण अशी की तारांच्या चाकांच्या एमजीबीला मागचा ॲक्सल आखूड होता. साध्या ॲक्सलवर तसली चाकं लावली तर ती कमानीला घासतात. ॲक्सलच बदलायचा हे काही योग्य वाटेना.

मग पंधरा इंची अलॉय ठेवायची का? टायर जमिनीवर काढून, शेजारी मूळ मापाचा 165 आर 14 ठेवला आणि टेपने मोजून दाखवलं. 165 च्या टायरची भिंत साधारण 135 मिलिमीटर उंच, 195/50 ची साडेसत्त्याण्णव. हा फरक म्हणजे रबर आणि हवेची जवळजवळ चार सेंटिमीटरची गादी, आणि ती गादी सस्पेन्शनचाच भाग आहे. ही गाडी आखताना स्प्रिंगा जशा मऊ ठेवल्या तसा टायरही उंच आणि अरुंद ठेवला होता, दोघांनी मिळून काम करावं म्हणून. पूर्ण चाकाचा व्यासही पाच सेंटिमीटरने घटतो, त्यामुळे गाडी अडीच सेंटिमीटर खाली येते, इंजिन जास्त फिरतं आणि स्पीडोमीटर आठ-नऊ टक्के जास्त वेग दाखवतो. शिवाय ती रुंद चाकं बाहेर सरकलेली होती. टायर जमिनीला टेकतो ती जागा किंगपिनच्या रेषेपासून लांब गेली की प्रत्येक खड्डा स्टिअरिंगला झटका देतो. गाडी चालवल्यावर मनगटं दुखतात असं बाई म्हणायच्या, ते यामुळेही.

रोस्टाइल ब्लास्ट करून घेतली, भेगा तपासल्या, फिरवून वाकडेपणा बघितला. एक चाक किंचित वाकडं निघालं, ते बाद करून दुसरं शोधलं. रंग मूळ नमुन्याचा. नट जपून घ्यावे लागतात, पोलादी चाकाचा नट अलॉयला आणि अलॉयचा पोलादी चाकाला चालत नाही, बसण्याचा आकार वेगळा असतो. टायर नवे, आणि घेताना बाजूवरचा चार आकडी कोड पाहिला. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुन्या गाड्यांच्या टायरची नक्षी शाबूत असते पण रबर म्हातारं झालेलं असतं, ओल्यात त्यावर भरवसा ठेवता येत नाही. हवा पुढे 21 आणि मागे 24 पीएसआय. आधी चारही टायरमध्ये 32 होती. कुठल्याशा पंपावर आधुनिक गाडीच्या सवयीने भरलेली. टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळवण्याचं माप, 1/16 ते 3/32 इंचांच्या आत लावली.

पहिली फेरी मी आणि मुलगा गेलो. आमच्या भागात फॉस वे हा रोमनांनी आखलेला रस्ता आहे, मैलोन् मैल जवळजवळ सरळ, पण चढउतारांचा आणि कडेने खचलेला. पन्नास मैलांवर स्टिअरिंग स्थिर. खड्डा आला तर गाडी एकदा दबायची, वर यायची आणि थांबायची. वळणावर ती झुकते, मुलाला आधी त्याची भीती वाटली. मी सांगितलं, झुकू दे, चाकाकडे लक्ष दे. थोड्या वेळाने त्याने पकड सैल केली. परतताना म्हणाला, ‘‘टायर कधी सुटणार ते आधीच कळतंय.’’ अरुंद टायरचं हेच मोल आहे. रुंद टायर जास्त वेळ धरून ठेवतो आणि सुटला की एकदम सुटतो. हा हळूहळू सांगत जातो, आणि तेही अशा वेगाला की कुणाच्या जिवावर बेतू नये.

काही आठवड्यांनी गाडी ठरल्याप्रमाणे तपासणीला आली. मागची उंची दोन्ही बाजूंनी सारखीच उतरली होती. यू-बोल्ट थोडे आवळावे लागले. पुढचे शॉकअप कोरडे होते, तेलाची पातळी जागेवर. पंधरा इंची चाकं मुलाने विकायला काढली होती. बाईंनी विचारलं की ग्रीसगन कुठली घ्यावी, कारण हे काम दर वेळी वर्कशॉपवर आणायचं त्यांना पटत नव्हतं. मी त्यांना हाताची, छोट्या दांड्याची गन दाखवली, चाक वळवून सहाही निपल दाखवले, आणि किंगपिनच्या निपलला गन लावताना पुढची चाकं जॅकवर मोकळी हवीत हे सांगितलं, कारण वजन असताना ग्रीस सगळीकडे पोचत नाही. पहिले तीन मी दिले. उरलेले तीन त्यांनी गुडघ्याखाली उशी घेऊन स्वतः दिले, आणि बुशच्या कडेने जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत थांबल्या नाहीत.